हेवी लायसन निलंबित झालं आणि घरची मोटारसायकलही थांबली : माझा अनुभव

माझं लायसन तीन महिने निलंबित होतं. आता ते पुन्हा चालू झालंय आणि मी गाडीवर आहे. पण या काळात मला जे कळलं ते आमच्या मार्केट यार्डातल्या बहुतेक ड्रायव्हरांना माहीत नाही, मालकांना तर त्याहून नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. खास करून विम्याचा भाग. चलानाची धास्ती सगळ्यांना असते, लायसनची थोड्यांना असते, आणि विमा हा विषय अपघात झाल्याशिवाय कोणी काढतच नाही. तोवर उशीर झालेला असतो.

मी सोलापूर–हैदराबाद लाइनला दहाचाकी चालवतो. हिवाळ्यात कांदा, बाकीचं वर्ष जे भाडं मिळेल ते : चादरी-टॉवेलच्या गाठी, सिमेंट, साखर. कांद्याच्या सीझनला आमचं यार्ड ज्यानं पाहिलंय त्याला तिथली घाई सांगायला नको. त्या दिवशी कांदा ओला होता आणि गोण्या ठासून भरलेल्या होत्या. बिल्टीवर, म्हणजे मालासोबतच्या कागदावर, मात्र नेहमीप्रमाणे गोणीला सरासरी पन्नास किलो धरून वजन लिहिलेलं. हमालांनी शेवटचा थर चढवला तेव्हाच पाट्यांकडे (चाकांवरच्या स्प्रिंगांकडे) बघून मी म्हणालो, काटा करूनच, म्हणजे गाडीचं वजन करूनच निघू. ज्याचा माल होता त्याच्या मुनीमानं घड्याळ दाखवलं. काट्यावर लाइन आहे, हैदराबादला पहाटेच्या बाजारात माल लागला पाहिजे, निघा. मालकाला फोन लावला, तोही म्हणाला निघ.

नळदुर्गच्या अलीकडे आरटीओच्या वायुवेग पथकानं (रस्त्यावर गाड्या तपासणाऱ्या फिरत्या पथकानं) गाडी बाजूला घेतली आणि जवळच्या काट्यावर नेली. पासिंग, म्हणजे मालासकट गाडीचं मंजूर वजन, २८ टन; काट्यावर भरले ३१. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये याचा हिशोब सरळ आहे : ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००. म्हणजे तीन टनांचे २६,०००. शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवता येत नाही, हेही त्याच कलमात आहे. मालकानं सोलापूरहून एक पिकअप पाठवली. ती येईपर्यंत रात्र झाली. नळदुर्गातून आणलेल्या हमालांनी टॉर्चच्या उजेडात वरच्या थराच्या गोण्या उतरवून पिकअपमध्ये टाकल्या. दंड मालकानं मोबाइलवरूनच भरला. फोनवर म्हणाला, "झालं, विषय संपला. नीघ आता." मलाही तेव्हा तसंच वाटलं.

गाडीचा विषय तिथं संपला होता. माझा नव्हता. तपासणी अहवालात गाडीच्या नंबराखाली ड्रायव्हरचं नाव आणि लायसन नंबर असे दोन रकाने असतात, ते त्यांनी माझं कार्ड हातात घेऊन भरले होते. इथला फरक प्रत्येक ड्रायव्हरनं समजून घ्यावा. कॅमेऱ्यानं किंवा स्पीडगननं काढलेलं ई-चलान गाडीच्या नंबरावर येतं, आरसीवर ज्याचं नाव त्याच्याकडे जातं. त्या वेळी स्टिअरिंगवर कोण होतं हे यंत्राला माहीत नसतं. पण रस्त्यावर थांबवून जी कारवाई होते, तिच्यात लायसन नंबर लिहिला जातो आणि ती कारवाई माणसाच्या मागे चालत राहते. दंड कोणीही भरो.

काही आठवड्यांनी घरी रजिस्टर पोस्टानं कारणे दाखवा नोटीस आली. कारवाई शेजारच्या जिल्ह्यात झाली होती, पण माझं लायसन एमएच १३ चं, म्हणून अहवाल सोलापूरला आला होता. नोटिशीचा मजकूर थोडक्यात असा : मालवाहू वाहनातून क्षमतेपेक्षा जास्त माल नेल्याबद्दल कलम १९ आणि केंद्रीय मोटार वाहन नियम २१ प्रमाणे तुमचं लायसन निलंबित का करू नये, याचा खुलासा अमुक तारखेला हजर राहून करा.

नियम २१ ही मोठी यादी आहे. माल चोरणं, मनाई असलेला माल नेणं, केबिनमध्ये किंवा मालावर जादा माणसं बसवणं, थांबायचा इशारा दिल्यावर न थांबणं, दारू पिऊन चालवणं, आणि ओव्हरलोड. त्यातल्या काही गोष्टींवर सुप्रीम कोर्टाच्या रस्ता सुरक्षा समितीनं २०१५ साली सगळ्या राज्यांना कळवलं, की नुसता दंड घेऊन सोडू नका, कमीत कमी तीन महिने लायसन निलंबित करा. त्या सहा गोष्टी अशा : जादा वेग, सिग्नल तोडणं, ओव्हरलोड, मालगाडीत माणसं भरणं, दारू पिऊन चालवणं आणि चालवताना मोबाइल. चार पदरी रस्त्यावर मालगाडीला ताशी ८० ची मर्यादा आहे, हे धरून बघितलं तर यातल्या निदान दोन गोष्टी आमच्या धंद्यात रोज होतात. मालाची घाई असली की वेग वाढतो, आणि भाडं टनावर असलं की वजन वाढतं.

यार्डात नोटीस दाखवली तर नेहमीचं उत्तर. "जाऊ नको बे, कोण बघतंय? पोस्ट मिळालंच नाही म्हण." आमच्या संघटनेतले एक म्हातारे आहेत, सगळे त्यांना तात्या म्हणतात. स्वतः आयुष्यभर गाडी चालवली, आता डोळे साथ देत नाहीत. ते म्हणाले, "अरे, कायद्यानं तुला बोलायची एक संधी दिली ती हीच. नाही गेलास तर तुझ्या माघारी हुकूम निघेल, आणि त्यात तुझं एक अक्षर नसेल." तात्यांचं बरोबर होतं. कलम १९ खाली लायसन निलंबित करायचं तर म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, कारणं लेखी द्यावी लागतात, आणि हुकूम हातात पडल्यापासून तीस दिवसांत अपील करता येतं. या तीन गोष्टींमुळेच ती नोटीस मी गादीखाली सारली नाही.

सुनावणीला मी बिल्टी, काट्याची पावती, चलान भरल्याची पावती आणि यार्डातून निघताना मालकाला केलेल्या कॉलचा मोबाइलवरचा फोटो, एवढं घेऊन गेलो. सोबत एक पानी लेखी म्हणणं. ते तात्यांच्या नातवानं टाइप करून दिलं. दोनच मुद्दे होते. पहिला, माल भरताना वजन ठरवायचा अधिकार माझ्याकडे नव्हता आणि काटा करू असं मी सांगितलं होतं. कलम ११३ मध्ये एक वाक्य आहे : ओव्हरलोड गाडी चालवणारा जर मालक नसेल, तर ती गोष्ट मालकाला माहीत होती किंवा त्याच्याच सांगण्यावरून झाली, असं कोर्ट गृहीत धरू शकतं. तात्यांनी हे कलम लाल पेनानं अधोरेखित करून दिलं होतं. दुसरा मुद्दा, निलंबन करायचंच असेल तर फक्त ट्रान्सपोर्ट वर्गापुरतं, म्हणजे धंद्याच्या गाड्यांपुरतं करावं, मोटारसायकल राहू द्यावी. कारण कलम १९ मध्ये ‘सर्व किंवा कोणत्याही वर्गाच्या वाहनासाठी’ अशीच भाषा आहे. एकाच वर्गापुरतं निलंबन असेल तर कार्डावर तशी नोंद करून ते परत द्यायचं, हेही तिथं लिहिलंय.

समोर आरटीओच्या अधिकारी मॅडम होत्या. त्यांनी सगळे कागद शांतपणे वाचले. कॉलचा फोटो बघून म्हणाल्या, "मालकाचा दोष मालकाकडे. त्याला दंड झालाय. पण काट्याशिवाय गाडी रस्त्यावर तुम्हीच आणली ना?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि त्यांचं म्हणणं कायद्याला धरून होतं. माझं लेखी म्हणणं त्यांनी फाइलला लावलं, पोच दिली. हुकूम आला तो तीन महिन्यांचा, लायसनवरच्या सगळ्या वर्गांसाठी. कारणांत माझ्या दोन्ही मुद्द्यांचा उल्लेख होता आणि ते का मान्य झाले नाहीत हेही. अपिलाचा विचार केला. पण अपिलाचा निकाल लागेपर्यंत तीन महिने तसेही संपले असते, आणि वकिलाला द्यायला पैसे नव्हते. कार्ड जमा केलं, पावती घेतली. ती पावती घडी घालून खिशात ठेवून काही जण गाडी चालवतात. पावती म्हणजे लायसन नव्हे. ती कार्ड कुठं आहे एवढंच सांगते.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच ड्रायव्हरांना ऐकून माहीत असते. पुढची नसते.

संध्याकाळी घरी आलो तर दारात माझी मोटारसायकल. ती माझ्या नावावर आहे, विमा चालू आहे, पीयूसी आहे. मनात आलं, ट्रक बंद झाला तर झाला, बारीकसारीक कामाला ही आहे. तरी खात्री करावी म्हणून गल्लीतल्या विमा एजंट काकांकडे पॉलिसी घेऊन गेलो. काका चष्मा लावून बसले आणि पॉलिसीच्या पहिल्या पानावरचा ड्रायव्हर क्लॉज बोट ठेवून वाचू लागले. इंग्रजीत असतो, म्हणून कोणी वाचत नाही. काकांनी अर्थ सांगितला : विमाधारक धरून कोणीही व्यक्ती गाडी चालवू शकते, मात्र अपघाताच्या वेळी तिच्याकडे वैध लायसन असलं पाहिजे आणि ती लायसन धारण करण्यास अपात्र ठरवलेली नसली पाहिजे. ‘अपात्र’ या शब्दावर काकांचं बोट थांबलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू सध्या हाच आहेस."

मी म्हणालो, पण काका, ते ट्रकचं झालं. काका म्हणाले, "लायसन किती आहेत तुझ्याकडे? एक. त्या एका कार्डावर हेवी पण आहे, गिअरची मोटारसायकल पण आहे. हुकूम सगळ्या वर्गांचा आहे. कांद्याच्या वजनावरून झाला की दारूवरून झाला, कंपनीला त्याचं काही नाही. अपघाताच्या तारखेला लायसन चालू होतं का, एवढंच बघतात."

मग त्यांनी एकेक भाग उलगडला, आणि मला खरी धडकी भरली ती तेव्हा. गाडीच्या नुकसानीचा भाग सगळ्यात छोटा. निलंबनाच्या काळात मी चालवत असताना गाडी ठोकली तर नुकसानीचा क्लेम नाकारणार. ठीक, मोटारसायकलच ती. दुसरा भाग मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघात विम्याचा. स्वतःच्या गाडीवर मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर घरच्यांना १५ लाख रुपये मिळावेत म्हणून हे कव्हर असतं, आणि त्याची अटच आहे की मालकाकडे वैध लायसन पाहिजे. म्हणजे त्या तीन महिन्यांत मी मोटारसायकलवर जिवानिशी गेलो असतो, तर बायकोच्या हातात त्या कव्हरचा एक रुपया पडला नसता. माझ्या आयुर्विम्याच्या पॉलिसीला अपघाती लाभ जोडलेला आहे. काकांनी तीही मागवून घेतली. तिच्यातही कायदा मोडताना झालेला मृत्यू त्या लाभात धरत नाहीत असं कलम निघालं. मूळ विम्याची रक्कम मिळाली असती, अपघाताची जादा रक्कम वादात गेली असती.

तिसरा भाग सगळ्यात जड. मी कोणाला धडक दिली असती तर? थर्ड पार्टी विमा कायद्यानंच सक्तीचा आहे, त्यामुळे बहुतेक प्रकरणांत कोर्ट कंपनीला सांगतं की जखमीला किंवा मृताच्या घरच्यांना आधी पैसे द्या, मग ते गाडीमालकाकडून वसूल करा. सुप्रीम कोर्टानं २००४ साली स्वर्णसिंग प्रकरणात हा विषय तपशिलानं मांडला. ज्याला लागलंय त्याच्या दृष्टीनं हे न्यायाचंच आहे, आणि तसंच असावं. पण वसुली कोणाकडून? मोटारसायकलच्या बाबतीत गाडीमालक मीच. मृत्यूच्या प्रकरणात भरपाई लाखांत जाते. मोहोळ तालुक्यात आमची वडिलोपार्जित तीन एकर आहे, तीन भावांत. एका चुकीच्या संध्याकाळी ती गेली असती, आणि भावांना कारण कळलं नसतं की कांद्याच्या गोणीचा शेताशी काय संबंध.

हेच मालकाच्या ट्रकला लावून बघा. निलंबित लायसनच्या ड्रायव्हरला मालकानं माहीत असून गाडीवर बसवलं आणि अपघात झाला, तर ट्रकच्या नुकसानीचा क्लेम गेला आणि थर्ड पार्टीची वसुली मालकावर आली. म्हणून मालकांना माझी हात जोडून विनंती आहे, ड्रायव्हरचं लायसन नुसतं कामावर ठेवताना बघू नका. अधूनमधून परिवहनच्या साइटवर नंबर टाकून बघा. कार्ड खिशात असलं तरी ऑनलाइन स्थिती वेगळी असू शकते. ज्यांची स्वतःची एकच गाडी आहे आणि स्वतःच चालवतात, त्यांना तर दोन्ही बाजूंनी फटका. निलंबनात गाडी थांबते, कर्जाचा हप्ता थांबत नाही. अशा वेळी वैध लायसनचा दुसरा ड्रायव्हर बसवला तर पॉलिसी चालू राहते, एवढी एक वाट आहे.

यार्डात मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न वेगळाच होता : चलानामुळे विम्याचा हप्ता वाढतो का? माझा वाढला नाही. ट्रकचा थर्ड पार्टी हप्ता गाडीच्या एकूण वजनाच्या गटावर ठरलेला असतो, ड्रायव्हर कोण हे त्यात येत नाही. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, २० टक्क्यांपासून सुरू होऊन ५० पर्यंत जातो, तो क्लेम घेतला की जातो, चलानानं जात नाही. २०२१ च्या जानेवारीत विमा नियामकाच्या एका गटानं सुचवलं होतं, की वाहतूक नियम मोडण्याचे गुण धरावेत आणि त्यावर वेगळा हप्ता लावावा. दारूला १०० गुण, चुकीच्या पार्किंगला १०. माझ्या पॉलिसीत असा कुठलाही भाग नाही. त्यामुळे हप्त्याची काळजी करण्यापेक्षा क्लेमची काळजी करा. हप्ता वाढला तर हजार-दोन हजारांचा प्रश्न. क्लेम नाकारला तर घर बसतं.

आणि आता उलटी बाजू, जी ऐकून आमच्यातल्या कित्येकांचा विश्वास बसला नाही. ट्रकचा गुन्हा मोटारसायकलला लागतो, तसा मोटारसायकलचा ट्रकलाही लागतो. २०१९ च्या दुरुस्तीत विनाहेल्मेटला कलम १९४ड आलं, ट्रिपल सीटला १९४क. दोन्हींत हजार रुपये दंड आणि त्यासोबत तीन महिने लायसनसाठी अपात्रता आहे. शिवाय कलम २०६ प्रमाणे अशा प्रकरणात पोलीस लायसन ताब्यात घेऊन आरटीओकडे पाठवू शकतात. नोकरदार माणसाचे तीन महिने गैरसोयीत जातील. आपली मात्र रोजीच जाते. नवी पेठेत भाजी आणायला हेल्मेटशिवाय गेलेला ड्रायव्हर तीन महिन्यांची हैदराबादची भाडी गमावू शकतो. हे मी ज्याला त्याला सांगतो. माझ्या मेहुण्यानं, तोही पुण्याच्या लाइनला गाडी चालवतो, दुसऱ्याच दिवशी हेल्मेट घेतलं.

तीन महिने कसे काढले ते थोडक्यात. एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात माल भरून घेण्याचं काम मिळालं : गोण्या मोजणं, बिल्टी लिहिणं, ताडपत्री नीट बांधली का बघणं. पगार ड्रायव्हरच्या निम्म्यापेक्षा कमी, भत्ता नाही. एकदा जुन्या मालकाच्या माणसानं सुचवलं, रात्रीची खेप आहे, दुसऱ्या ड्रायव्हरच्या नावावर टाकू, तू फक्त उमरग्यापर्यंत ने. अपात्र असताना गाडी चालवली तर कलम १८२ मध्ये तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० दंड किंवा दोन्ही आहे. ते मी त्याला सांगितलं, पण खरं कारण काकांचं ते बोट होतं. मी नाही म्हणालो.

मोटारसायकलची किल्ली मी पहिल्याच दिवशी बायकोकडे दिली. ती अवघड रात्र यायची ती आलीच. धाकटीला ताप चढला, अंग तव्यासारखं तापलेलं, अकरा वाजून गेले होते. दवाखाना मोटारसायकलवर दहा मिनिटांच्या आत. बायकोनं किल्ली काढून माझ्यापुढे धरली. मी चप्पल घालून आसरा चौकाच्या दिशेनं रिक्षा बघायला पळालो. रिक्षा मिळाली, पोरगी दोन दिवसांत बरी झाली. त्या रात्री बायको चिडली होती. दुसऱ्या दिवशी तिला काकांकडे घेऊन गेलो, त्यांनी तिच्यापुढे पुन्हा सगळं वाचून दाखवलं. त्यानंतर किल्ली तिनं कपाटात ठेवली. माझ्या मते प्रत्येक ड्रायव्हरच्या घरच्यांना एवढं समजावून सांगितलंच पाहिजे, कारण गाडी काढायचा आग्रह घरातूनच होतो, मायेपोटी होतो.

मुदत संपत आली तेव्हा उजळणी प्रशिक्षणाचं बघितलं. निलंबित ड्रायव्हरनं हे प्रशिक्षण पूर्ण केल्यावरच लायसन परत द्यायचं, असं कलम १९ मध्ये २०१९ ला घातलंय. ते शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका, आधीच करून प्रमाणपत्र जवळ ठेवा. मला वाटलं होतं नुसती सही असेल. पण शिकवणारे स्वतः जुने हेवी ड्रायव्हर होते. ओव्हरलोड गाडीला ब्रेक दाबल्यावर थांबायला किती जास्त अंतर लागतं, घाटात ब्रेक ड्रम का तापतात, टायर का फुटतात, हे त्यांनी फळ्यावर आकृती काढून समजावलं. नळदुर्गच्या पुढचा उतार मी डोळ्यापुढे आणला आणि त्या दिवशीचे तीन टन मला पहिल्यांदा दंडाच्या आकड्यापलीकडे दिसले. मला थांबवलं ते बरं झालं, असं तिथं बसून वाटलं.

एका मित्राचं उदाहरण इथं सांगणं भाग आहे. त्याच्याही लायसनवर निलंबन होतं आणि त्याच काळात त्याच्या ट्रान्सपोर्ट वर्गाची मुदत संपत होती. हेवीची मुदत आता पाच वर्षांची असते. आधी मुदत संपल्यावर तीस दिवस लायसन ग्राह्य धरत, २०१९ च्या दुरुस्तीत ते तीस दिवस गेले. त्याला वाटलं निलंबन उठलं की झालं. उठलं, पण कार्डावरची तारीख उलटून गेली होती. नूतनीकरणाला मेडिकल लागलं, आणखी दिवस गेले. निलंबनाची तारीख आणि मुदतीची तारीख एकत्र ठेवून बघा.

कार्ड परत घ्यायला गेलो तेव्हा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, जमा केल्याची पावती आणि हुकमाची प्रत दिली. क्लार्कनं नोंद घेतली, कार्ड हातात दिलं. मी तिथंच बाकावर बसून मोबाइलवर लायसनची स्थिती तपासली, आणि ‘अॅक्टिव्ह’ दिसल्यावरच उठलो. आजकाल सिमेंट कंपन्यांच्या गेटवर सिक्युरिटीवाला कार्ड बघत नाही, मोबाइलवर नंबर टाकतो. तिथं निलंबित दिसलं तर गाडी आत जात नाही आणि भाडं दुसऱ्याला जातं. विमा कंपनीचा तपासणारा माणूसही हीच नोंद काढतो.

जुन्या मालकाशी बोलणं झालं. त्याच्याकडेच परत गेलो, पण दोन गोष्टी ठरवून. यार्डातून निघण्याआधी काट्याची पावती माझ्या हातात पाहिजे, आणि काट्याचे पैसे मालकाचे. पावतीचा फोटो मी त्याच्या व्हॉट्सअॅपवर टाकतो, मगच गाडी हलते. पहिल्या खेपेला मुनीमानं कुरकुर केली. मालकानं त्याला सांगितलं की २६,००० मी भरलेत. तीन महिन्यांच्या पगाराचा विषय मीही काढला. निम्मी रक्कम द्यायला तो तयार झाला, पैकी पहिला हप्ता मिळालाय, दुसरा दिवाळीच्या आत देतो म्हणालाय. संघटनेत तात्यांनी हा मुद्दा ठरावात घ्यायला सांगितलाय : मालकानं किंवा मालवाल्यानं भरलेल्या जादा वजनामुळे लायसन गेलं, तर त्या काळातला निम्मा पगार ड्रायव्हरला मिळावा. पुढच्या बैठकीत तो मी मांडणार आहे. कलम ११३ ची प्रत, तात्यांच्या लाल रेघेसकट, सोबत नेणार आहे.